सर्व्हर चालू आहे, पण आत कोणी आहे का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना येणारे ‘म्हणजे बघा’ मी शक्य तितके काढलेत. सगळे निघत नाहीत.

आजचा विषय आहे वेब सर्व्हरवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनवर लक्ष कसं ठेवायचं हा. त्यातही दोनच गोष्टी. एक अपटाइम, म्हणजे ते चालू आहे का आणि किती वेळ चालू राहिलं. दुसरी सेशन, म्हणजे त्याच्या आत आत्ता किती लोक आहेत आणि त्यांचं काम होतंय का. पहिल्या गोष्टीचे आकडे कंपन्या जाहिरातीत छापतात. दुसऱ्याकडे फारसं कोणी ढुंकून बघत नाही. माझ्या मते खरी बातमी तिथेच असते.

एक संध्याकाळ आठवून बघा. १४ डिसेंबर २०२०, सोमवार. भारतात सव्वापाच वाजून गेले होते. कोविडचं वर्ष, शाळा-कॉलेज सगळं फोनवर. अचानक जीमेल उघडेना, मीटचा वर्ग लागेना, यूट्यूबवर नुसतं एरर. लोकांनी आधी वायफायचा राउटर बंद-चालू केला, मग जिओला शिव्या घातल्या, मग कळलं की गुगलच बसलंय. जगभर. ४७ मिनिटं.

पण त्या दिवशी काही लोकांनी एक गंमत पाहिली. ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडली, म्हणजे लॉगिन न करता गेलं, की यूट्यूब व्यवस्थित चालत होतं. व्हिडिओ तिथेच होते, सर्व्हर चालू होते. बंद पडलं होतं ते फक्त ‘तुम्ही कोण’ हे ओळखणारं खातं. गुगलमध्ये प्रत्येक अकाउंटची ओळख सांभाळणारी एक वेगळी यंत्रणा आहे. जीमेल असो, ड्राइव्ह असो, सगळे तिलाच विचारतात की हा आलेला माणूस खरा आहे ना. ती उत्तर देईना, म्हणून दारावरचे सगळे रखवालदार लोकांना परत पाठवत होते. आत दिवे लागलेले, पंखे फिरतायत, आणि प्रवेश नाही.

हे का झालं, ते नंतर गुगलनेच लिहून प्रसिद्ध केलं. प्रत्येक अंतर्गत यंत्रणेला डिस्क, मेमरी वगैरेचा कोटा ठरवून दिलेला असतो आणि तो वापराप्रमाणे आपोआप कमी-जास्त होतो. ऑक्टोबरमध्ये ही ओळख-यंत्रणा नव्या कोटा पद्धतीत नोंदवली गेली, पण जुन्या पद्धतीचे काही भाग तसेच राहिले. त्या उरलेल्या भागांनी वापराचा आकडा सांगितला शून्य. कोटा लागू करण्याआधी काही काळाची सवलत होती, म्हणून लगेच काही बिघडलं नाही. ती मुदत संपल्यावर यंत्राने प्रामाणिकपणे विचार केला की वापर शून्य आहे, तर एवढी जागा कशाला अडवायची? कोटा कमी केला. अशा आपोआप बदलांवर तपासण्या होत्या, फक्त ‘एखाद्या यंत्रणेचा वापर शून्य दिसतोय’ ही शक्यता त्यांत धरलेली नव्हती.

हा शून्य लक्षात ठेवा. मॉनिटरिंगमध्ये शून्याचे दोन अर्थ होतात. खरंच कोणी नाहीये, किंवा मोजणारा झोपलाय. आकडा दोन्ही वेळा तोच दिसतो.

आधी सेशन म्हणजे काय ते

वेब ज्या भाषेत बोलतं, म्हणजे एचटीटीपी, ती मुळात विसरभोळी आहे. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने दिलं, विषय संपला. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याच्यासाठी पुन्हा अनोळखी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी यावर कुकीचा उपाय काढला.

दवाखाना डोळ्यांसमोर आणा. कंपाउंडर तुमचा केसपेपर तयार करतो, तो कपाटात ठेवतो आणि तुमच्या हातात नुसतं नंबराचं कार्ड देतो. पुढच्या वेळी तुम्ही कार्ड दाखवायचं, तो केसपेपर काढणार. इथे कार्ड म्हणजे कुकी आणि केसपेपर म्हणजे सेशन. तुम्ही लॉगिन केलंय, कार्टमध्ये दोन वस्तू टाकल्यात, फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आहात, हे सगळं त्या केसपेपरवर असतं. जावाची ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट नावाचा सर्व्हर या कार्डाला ‘जेसेशनआयडी’ म्हणतो. ब्राउझरच्या कुकीज कधी उघडून बघितल्या असतील तर हे नाव दिसलं असेल.

आता अडचण अशी की पेशंट जाताना ‘येतो हं’ म्हणत नाही. तुम्ही टॅब बंद करता, फोन खिशात टाकता, बोगद्यात रेंज जाते. सर्व्हरला यातलं काहीच कळत नाही. मग तो अंदाज बांधतो. इतका वेळ काही हालचाल नाही, म्हणजे माणूस गेला असणार, फाडा केसपेपर. टॉमकॅटमध्ये ही मुदत बदलली नसेल तर ३० मिनिटं असते. पीएचपीमध्ये १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. डॅशबोर्डवर ‘ॲक्टिव्ह सेशन’ असा आकडा दिसतो आणि मॅनेजर लोक तो बघून खूश होतात. समजा दर मिनिटाला १० नवीन माणसं येतात आणि प्रत्येक जण ५ मिनिटं काम करून निघून जातो. म्हणजे कोणत्याही क्षणी आत खरोखर ५० माणसं. पण सर्व्हर प्रत्येकाचा केसपेपर माणूस गेल्यावरही ३० मिनिटं ठेवतो. म्हणजे एक सेशन ३५ मिनिटं जगतं, आणि १० गुणिले ३५ म्हणजे डॅशबोर्डवर ३५० दिसतात. येण्याचा वेग गुणिले राहण्याचा वेळ, याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. बँकेच्या रांगेला लागतो तसाच तो आपल्या सर्व्हरलाही लागतो.

तर ॲक्टिव्ह सेशन म्हणजे माणसं नव्हेत. तो आकडा खोटा नाही, पण त्यात मघाशी निघून गेलेलेही धरलेले असतात. म्हणून मी त्यापेक्षा दर मिनिटाला किती नवीन सेशन उघडली हे बघतो. तो आकडा लगेच हलतो. ॲक्टिव्हचा आकडा मात्र अर्धा तास जुन्या बातम्या सांगत बसतो. समजा नेटवर्क तुटलं आणि नवीन कोणीच येत नाहीये, तरी तुमच्या स्क्रीनवर ३५० हळूहळू, सावकाश खाली येताना दिसतील आणि पहिली दहा मिनिटं सगळं ठीक वाटेल.

अपटाइमचे नऊ

आता दुसऱ्या बाजूला या. ‘आमचा अपटाइम ९९.९ टक्के’. ऐकायला जोरदार. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्यातलं ०.१ टक्का म्हणजे ४३.२ मिनिटं. तेवढा वेळ बंद राहूनही तुम्ही ही जाहिरात करू शकता. मघाचा गुगलचा ४७ मिनिटांचा प्रसंग एकटाच एवढा महिनाभराचा कोटा खाऊन वर उरतो. आणखी एक नऊ लावला, ९९.९९, तर वर्षभरात मिळून साडेबावन्न मिनिटं. प्रत्येक नऊ आणखी महाग पडतो, आणि छोट्या कंपनीने त्याच्या मागे धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण टक्केवारी हे सांगत नाही की ती मिनिटं कोणती होती. रात्री तीनला ४० मिनिटं सर्व्हर बंद, तेव्हा साइटवर ४ माणसं. म्हणजे १६० माणूस-मिनिटं वाया. उलट अर्जाच्या शेवटच्या तारखेला सकाळी अकराला फक्त १० मिनिटं बंद, तेव्हा आत ४,००० जण. म्हणजे ४०,००० माणूस-मिनिटं. अपटाइमच्या तक्त्यात पहिला प्रसंग चारपट मोठा दिसेल. लोकांच्या दृष्टीने दुसरा अडीचशे पट मोठा आहे. हा हिशेब करायचा तर त्या वेळी किती सेशन होती हे माहीत असावं लागतं. अपटाइम एकटा काही कामाचा नाही तो यामुळे.

‘चालू आहे’ हे तपासण्याच्याही पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची पिंग, म्हणजे मशीन जिवंत आहे का. त्यावर, वेबचं दार उघडं आहे का. त्यावर, पान मागितलं तर २०० असा उत्तराचा क्रमांक येतो का, म्हणजे ‘सगळं ठीक’. बहुतेक लोक इथे थांबतात. पण कित्येक साइट ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा उपलब्ध नाही’ असं पानही २०० म्हणूनच पाठवतात. मशीनला ते ठीकच वाटणार, त्याला मराठी कुठे वाचता येते? म्हणून पुढची पायरी, पानावर ठरावीक शब्द आहे का ते बघायचं. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे एका खोट्या युजरने दर काही मिनिटांनी खरंच लॉगिन करायचं, आतलं एक पान उघडायचं, लॉगआउट करायचं. ही करायला थोडा त्रास आहे, म्हणून टाळली जाते.

किती वेळाने तपासता यालाही अर्थ आहे. दर ५ मिनिटांनी बघत असाल तर मधले ३ मिनिटांचे झटके तुम्हाला दिसणारच नाहीत, आणि महिन्याअखेर तुम्ही १०० टक्के लिहाल.

आणि बघणारा बाहेर बसलेला हवा. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲमेझॉनचं. २८ फेब्रुवारी २०१७ ला त्यांची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागात चार तासांहून जास्त विस्कळीत झाली. बिलिंगची तपासणी करताना दिलेल्या एका कमांडमध्ये चूक झाली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. हजारो साइट अडकल्या. पण खरी मजा पुढे आहे. कोणती सेवा चालू, कोणती बंद हे दाखवणारं ॲमेझॉनचं स्वतःचं स्टेटस पान बदलण्याची सोय त्याच एस-थ्रीवर अवलंबून होती. त्यामुळे साधारण दोन तास त्यांना एकेका सेवेची स्थिती तिथे बदलता येईना, आणि ट्विटरवर लिहून कळवावं लागलं. धुराची घंटा स्वयंपाकघराच्याच फ्यूजवर जोडली की असंच होणार.

हिरवा दिवा आणि लाल चेहरे

आता माझ्या आधीच्या नोकरीतली गोष्ट. नाव कोणाचं घेत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणारं एक पोर्टल होतं. शेवटची तारीख. मोठ्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे, पान उघडायला सेकंदही लागत नव्हता, सीपीयू आरामात. आणि खाली मदत कक्षातले फोन सकाळपासून थांबत नव्हते. ‘लॉगिन होतं, पुढचं बटण दाबलं की परत लॉगिनचं पान येतं.’ होस्टिंगवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: आमच्याकडून सर्व्हर अप आहे, तुमच्या युजरचं नेट बघा.

कोणीतरी शेवटी सेशनचे आकडे उघडले. तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले. दर मिनिटाला नवीन सेशन नेहमीच्या कित्येक पट. यशस्वी लॉगिनही भरपूर, पण तीच तीच नावं पुन्हा पुन्हा, एकेक मुलगा सात-आठ वेळा. आणि जमा झालेले अर्ज? इतर दिवशी शंभर लॉगिनमागे चाळीसएक अर्ज जमा व्हायचे. त्या दिवशी चार-पाच.

कारण मग पाच मिनिटांत कळलं. गर्दी होणार म्हणून होस्टिंगवाल्याने पहाटे दुसरा सर्व्हर जोडला होता. दार एकच, आत कंपाउंडर दोन, आणि दोघांची कपाटं वेगळी. लोड बॅलन्सरला एक सांगावं लागतं, की एका माणसाला एकदा ज्या सर्व्हरकडे पाठवलं, त्यालाच पुढेही पाठव. याला स्टिकी सेशन म्हणतात. ते केलेलं नव्हतं. पहिल्या कंपाउंडरने केसपेपर काढला, पुढच्या क्लिकला माणूस दुसऱ्याकडे गेला. तो म्हणाला, हा नंबर माझ्याकडे नाही, नवीन केसपेपर काढा. त्याने दिलेलं कार्ड घेऊन पहिल्याकडे आला, तर तो म्हणाला, हा नंबर माझ्याकडे नाही. असं ते टेनिस चालू होतं. ज्यांच्या नशिबाने सगळ्या क्लिक एकाच सर्व्हरवर पडल्या, त्यांचे अर्ज गेले.

आमचं मॉनिटर मुखपृष्ठ बघत होतं. मुखपृष्ठाला केसपेपर लागत नाही, म्हणून ते दिवसभर हिरवं. त्या दिवसाचा अधिकृत अपटाइम १०० टक्के नोंदला गेला. दुपारनंतर सगळं सुरळीत झालं आणि मुदत दोन दिवस वाढली, पण ज्या मुलांनी तालुक्याच्या सायबर कॅफेत पैसे मोजून तो अर्धा दिवस काढला, त्यांच्यातली काही परत आलीच नसतील. आमच्याकडे त्यांची मोजदाद नाही. कारण ज्याचं लॉगिन टिकलंच नाही, तो कुठल्याच तक्त्यात येत नाही.

यावरचा पक्का इलाज म्हणजे दोन्ही कंपाउंडरना एकच कपाट देणं. सेशन सर्व्हरच्या पोटात न ठेवता रेडिससारख्या वेगळ्या साठ्यात ठेवायची. मग कोणताही सर्व्हर कोणालाही ओळखतो. अर्थात मग त्या कपाटावरही लक्ष ठेवावं लागतं, ते पडलं तर सगळेच अनोळखी.

मोजणाऱ्यामुळे वाढणारी गर्दी

जावाच्या जगात जेएसपी नावाची पानं असतात. मुद्दाम बंद केलं नाही तर असं पान उघडताच आपोआप सेशन तयार होतं, लॉगिन असो वा नसो. आता तुमचं मॉनिटर दर ३० सेकंदांनी ते पान तपासतंय आणि कुकी सांभाळून ठेवत नाहीये. प्रत्येक वेळी तो नवा पेशंट. मिनिटाला २ सेशन, प्रत्येकाची मुदत ३० मिनिटं, म्हणजे कायम ६० भुतं. पाच शहरांतून तपासणी लावली तर ३००. रात्री दोनला साइटवर माणूस नाही, आणि डॅशबोर्ड म्हणतो ३०० ॲक्टिव्ह. सर्च इंजिनांचे बॉट हेच करतात, ते तर हजारोंनी येतात. टॉमकॅटमध्ये यासाठी खास एक गाळणी आहे, ती बॉटच्या सगळ्या फेऱ्या एकाच सेशनवर टाकते. ती मुद्दाम लावावी लागते.

यात फक्त आकड्याची लाज नाही, मेमरीचा प्रश्न आहे. एका सेशनमध्ये ५० किलोबाइट माल असेल तर २०,००० सेशन म्हणजे १ गिगाबाइट. काही डेव्हलपर शोधाचा सगळा निकालच सेशनमध्ये कोंबतात, मग विचारूच नका. मेमरी भरत आली की जावा साफसफाईसाठी वारंवार थांबू लागतं, पानं रेंगाळतात, लोक वैतागून रिफ्रेश मारतात, त्याने भार आणखी वाढतो, आणि शेवटी सर्व्हर मान टाकतो. अपटाइमचा दिवा तेव्हा लाल होतो. सेशनचा आलेख तासभर आधीपासून चढत होता. टॉमकॅटमध्ये एकूण सेशनवर मर्यादा घालता येते, पण न बदललेल्या सेटिंगमध्ये ती उणे एक असते, म्हणजे मर्यादाच नाही.

आलेख चढला म्हणजे संकटच असंही नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, तत्काळ तिकिटाच्या वेळी सकाळी दहा आणि अकराला तो भिंतीसारखा उभा राहणारच. म्हणून आत्ताचा आकडा मागच्या तासाशी न ताडता मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराशी, त्याच वेळेशी ताडावा. सोमवार सकाळची तुलना रविवार रात्रीशी केली तर दर आठवड्याला खोटी घंटा वाजेल, आणि महिन्याभरात माणसं घंटेकडे बघणं सोडून देतील.

तीस मिनिटं कोणाची?

आता ती मुदत. ३० मिनिटं हा आकडा आभाळातून पडलेला नाही, तो कोणीतरी फाइलमध्ये लिहिलाय आणि आपण बदललेला नाही. बँकेच्या ॲपला ५ मिनिटंही जास्त वाटतात, ते बरोबरच आहे, फोन दुसऱ्याच्या हातात पडू शकतो. पण फॉर्मचं काय? उत्पन्नाचा दाखला शोधायचा, त्याचा फोटो काढायचा, तो २०० केबीमध्ये बसवायचा, आईला आधारचा ओटीपी विचारायचा. चाळीस मिनिटं आरामात जातात. मग ‘सबमिट’ दाबलं की ‘सेशन एक्स्पायर्ड’. सगळं पुन्हा पहिल्यापासून. सर्व्हरच्या दृष्टीने यात काहीच बिघडलेलं नाही. त्याने नियम पाळला.

वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत याची तरतूद आहे. मुदत संपण्याआधी माणसाला सूचना द्यावी आणि एखादं साधं बटण दाबून ती वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, हा त्यातला एक मार्ग. डोळे, हात किंवा इंटरनेट ज्यांचं हळू चालतं त्या सगळ्यांसाठी. हे बनवायला एका डेव्हलपरला एक दिवस पुरतो.

आणि हे मोजताही येतं. माणूस सेशन संपल्यावर परत आला, म्हणजे जुनं कार्ड घेऊन आला, तर सर्व्हरला ते दिसतं. फॉर्मच्या पानावरून असे किती आले, एवढी एक ओळ डॅशबोर्डवर लावा. ती शंभरात दहा दाखवत असेल तर मुदत चुकली आहे, युजर नाही.

नवीन व्हर्जन चढवतानाही हाच विचार. सर्व्हर सरळ रीस्टार्ट केला आणि सेशन त्याच्याच मेमरीत असतील, तर आत बसलेल्यांचे केसपेपर गेले. शहाणी पद्धत अशी की त्या सर्व्हरकडे नवीन माणसं पाठवणं थांबवायचं, जुनी आपलं काम संपवून बाहेर पडेपर्यंत वाट बघायची, आणि मग बंद करायचा. वाट किती बघायची? सेशनचा आकडा शून्याजवळ येईपर्यंत. तोही मोजणारा जागा आहे ना याची खात्री करून.

एक इशारा. सेशनचा नंबर म्हणजे घराची किल्ली आहे. २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन प्रसिद्ध केलं. उघड्या वायफायवर बसून ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाची फेसबुकची कुकी उचलायचं, आणि पासवर्डशिवाय त्याच्या खात्यात शिरता यायचं. तेव्हा बऱ्याच साइट फक्त लॉगिनपुरतंच एनक्रिप्शन वापरत होत्या. आता जवळपास सगळीकडे एचटीटीपीएस आहे, पण तुमच्याच लॉगमध्ये पूर्ण सेशन नंबर लिहिलेला असेल तर लॉग वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आहे. नंबराचा हॅश ठेवा, मोजायला तेवढा पुरतो. टॉमकॅटचं मॅनेजर पान किंवा पीएसआय प्रोबसारखं साधन, ज्यात कोणाचं सेशन, आत काय माल, सगळं उघडून बघता येतं, ते इंटरनेटवर मोकळं ठेवू नका. आपल्याला किती लोक आहेत ते बघायचंय. कोण कुठे क्लिक करतोय यावर पाळत ठेवणं हा वेगळा धंदा आहे.

ज्यांना हात घालून बघायचाय त्यांच्यासाठी साधनं फुकट आहेत. अपटाइम कुमा जुन्या लॅपटॉपवरही चालतं, फक्त ज्या सर्व्हरवर नजर ठेवायची त्याच सर्व्हरवर ते बसवू नका. स्प्रिंग बूट वापरत असाल तर ॲक्च्युएटरमधून किती सेशन उघडली, किती संपली, किती नाकारली हे आकडे तयार मिळतात. प्रोमिथियस ते गोळा करतं, ग्राफाना काढून दाखवतं. पहिल्याच दिवशी चाळीस आलेख लावू नका. नवीन सेशन, यशस्वी लॉगिन, आणि तुमच्या साइटवरचं जे खरं काम असेल ते, म्हणजे जमा झालेला अर्ज, भरलेलं बिल, काढलेलं तिकीट. एवढे तीन एकाखाली एक. आणि तुमचा तो लॉगिन करून बघणारा खोटा युजर या तिन्हींतून वजा करायला विसरू नका, नाहीतर सुटीच्या दिवशीही तुमच्याकडे एक अतिशय निष्ठावान गिऱ्हाईक दिसत राहील.

पुढच्या भागात लोड बॅलन्सर, मघाचं ते टेनिस नीट उलगडून. भेटू.